लोकपाल आला, हिशेब राहिला

२०११ च्या ऑगस्ट महिन्यातील एक दिवस माझ्या मनातून जात नाही. पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्याच्या लेखा विभागात मी तेव्हा नोकरीला होतो. लोकपाल, म्हणजे मंत्री आणि अधिकाऱ्यांविरुद्धच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र राखणदार, नेमण्याचा कायदा करा या मागणीसाठी आंदोलन करणाऱ्या अण्णा हजारे यांना दिल्लीत अटक झाली होती आणि देशभर मोर्चे निघत होते. आमच्या व्यवस्थापनाने सूचना फलकावर लावले की, ज्यांना मोर्चाला जायचे असेल त्यांना दुपारनंतर सुटी मिळेल आणि कंपनीची बस त्यांना शहरात नेऊन सोडील. त्याच सकाळी माझ्या टेबलावर एक व्हाउचर आले होते. खर्चाचे शीर्षक ‘लायझनिंग चार्जेस’, सोबत एका सल्लागाराचे एका ओळीचे बिल. वाढीव शेडच्या परवानगीची फाइल कित्येक महिने एकाच टेबलावर पडून होती आणि ते पैसे शेवटी कोठे पोहोचणार हे त्या व्हाउचरवर सही करणाऱ्या आम्हा तिघांनाही ठाऊक होते. मी सही केली, व्हाउचर पुढे पाठवले आणि जेवणाच्या सुटीनंतर ‘मी अण्णा आहे’ असे लिहिलेली टोपी घालून बसमध्ये जाऊन बसलो.

त्या दोन्ही गोष्टी मी मनापासून केल्या असे म्हणता येणार नाही, पण मोर्चातील घोषणा मात्र मी मनापासून दिल्या, हे खरे आहे. त्या आंदोलनाविषयी माझे मन आजवर एका बाजूला स्थिरावलेले नाही. त्याची टिंगल करणाऱ्यांचा मला राग येतो आणि त्याची आरती करणाऱ्यांजवळही मला बसवत नाही. असे का होते, याचा मी बरीच वर्षे विचार करत आलो आहे.

राग खरा होता, ही पहिली गोष्ट. २०१० हे वर्ष आठवून पाहावे. दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या खर्चाची प्रकरणे बाहेर येत होती. मुंबईत कुलाब्याला उभ्या राहिलेल्या ‘आदर्श’ सोसायटीच्या एकतीस मजली इमारतीपायी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना नोव्हेंबरमध्ये राजीनामा द्यावा लागला. त्याच महिन्यात नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी मोबाइल सेवेसाठीच्या टू-जी स्पेक्ट्रमच्या वाटपात १ लाख ७६ हजार कोटी रुपयांच्या संभाव्य महसुलावर पाणी सोडल्याचा अंदाज मांडला, आणि उद्योगांसाठी संपर्काचे काम करणाऱ्या नीरा राडिया यांच्या दूरध्वनी संभाषणांच्या ध्वनिफिती छापून आल्या. मंत्रिमंडळातील खाते कोणाला मिळावे याची चर्चा उद्योगसमूहांच्या मध्यस्थांबरोबर होते, हे वाचकांनी प्रथमच शब्दशः वाचले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी टू-जीचे १२२ परवाने रद्द केले आणि विशेष न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये त्या प्रकरणातील सर्व आरोपींना निर्दोष सोडले. पण २०११ मध्ये ५ एप्रिलला अण्णा जंतरमंतरवर बसले तेव्हा लोकांच्या डोळ्यांपुढे हे सारे ताजे होते, आणि प्रत्येकाकडे या मोठ्या आकड्यांच्या खाली आपापला एक लहान आकडा होता.

आमच्या बसमध्ये माझ्या शेजारी मशीन शॉपमधील एक ऑपरेटर बसला होता. त्याच्या मुलीला अभियांत्रिकीच्या राखीव जागेवर प्रवेश मिळाला होता आणि जात वैधता प्रमाणपत्रासाठी त्याने एका कार्यालयात सात खेपा घातल्या होत्या. आठव्या खेपेला त्याने पैसे दिले. हे सांगताना त्याने आवाज खाली आणला आणि म्हणाला, “साहेब, पैसे गेल्याचं काही नाही. पोरगी सोबत होती, तिच्यासमोर द्यावे लागले.” हे आंदोलन सवर्ण मध्यमवर्गाच्या फावल्या वेळातील करमणूक होती, असे जेव्हा कोणी ठामपणे लिहितो, तेव्हा मला तो माणूस आठवतो. मैदानातील गर्दीत मध्यमवर्ग ठळक होता, दूरचित्रवाणीचे कॅमेरे त्याच्याच चेहऱ्यांवर फिरत होते आणि आरक्षणाला विरोध करणारे सूरही त्या गर्दीत मिसळले होते. हे मी स्वतः पाहिले आहे आणि ते मला टोचलेही आहे. म्हणून त्या बसमधील बापाचा अपमान खोटा ठरत नाही.

आंदोलनावरचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र मला टाळता आलेला नाही, कारण तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शब्दांतून आलेला आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात त्यांनी सांगितले होते की, घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रह, असहकार आणि कायदेभंग या मार्गांचे समर्थन करता येणार नाही. ते अराजकाचे व्याकरण आहे आणि ते जितक्या लवकर सोडावे तितके आपल्या हिताचे. त्याच भाषणात त्यांनी विभूतिपूजेचा धोकाही सांगितला. धर्मातील भक्ती आत्म्याला मुक्ती देईल, पण राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हा त्यांचा इशारा होता. २०११ मध्ये अनेक दलित कार्यकर्त्यांनी आणि अभ्यासकांनी हे भाषण पुन्हा पुढे ठेवले, आणि ते योग्यच केले. “अण्णा म्हणजेच भारत” अशा थाटाच्या घोषणा ऐकताना मलाही अस्वस्थ वाटत होते. संसदेला मुदत घालून अमुकच मसुदा अमुकच तारखेला मंजूर करा, असे म्हणण्याचा अधिकार मैदानाला कोणी दिला, हा प्रश्न आजही तितकाच खरा आहे, कारण उद्या दुसऱ्या एखाद्या मैदानात याहून मोठा जमाव याहून वाईट मागणी घेऊन बसू शकतो.

तरीही बाबासाहेबांच्या वाक्यातील अट नीट वाचली पाहिजे. घटनात्मक मार्ग खुले असतील तर, असे ते म्हणतात. लोकपालाच्या बाबतीत ते खरोखर खुले होते का? लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी १९६३ मध्ये ‘लोकपाल’ हा शब्द घडवला. मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ मध्ये लोकपाल आणि लोकायुक्त नेमण्याची शिफारस केली. पहिले विधेयक १९६८ मध्ये आले, लोकसभेने ते मंजूर केले आणि लोकसभाच विसर्जित झाल्यामुळे ते बुडाले. त्यानंतर १९७१, १९७७, १९८५, १९८९, १९९६, १९९८, २००१ अशी विधेयके येत राहिली आणि कधी मुदत संपून, कधी सरकार पडून, कधी मागे घेऊन नाहीशी होत राहिली. महाराष्ट्राने मात्र १९७१ मध्येच लोकायुक्ताचा कायदा केला आणि ती संस्था सुरू करणारे पहिले राज्य होण्याचा मान मिळवला. त्या लोकायुक्ताला शिफारशीपलीकडे फारसे काही करता येत नव्हते, हा भाग वेगळा. त्रेचाळीस वर्षे दार वाजवूनही कोणी उघडत नसेल तर ते दार खुले होते असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? कायद्याच्या मार्गाने जा, असे सांगण्याचा नैतिक अधिकार त्या मार्गावर स्वतःच अडसर घालून बसलेल्यांना उरत नाही. हा युक्तिवाद मला आजही पटतो, आणि त्यामुळेच मी ती टोपी घातल्याचा पश्चात्ताप करत नाही.

माझी अडचण दुसरीकडे आहे, आणि ती समजावून सांगण्यासाठी मला माझ्या वडिलांकडे आणि नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याकडे वळावे लागते.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आमचे गाव राळेगण सिद्धीपासून एसटीने दोन तासांवर. नव्वदच्या दशकात ते शाळेची सहल राळेगणला घेऊन जात. पारनेर तालुक्यातील ते कोरडे, दारूच्या भट्ट्यांसाठी ओळखले जाणारे गाव नालाबांधांनी आणि पाझर तलावांनी कसे पालटले, हे ते मुलांना बांधावर उभे करून दाखवत. नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेली होती. यादवबाबांच्या मंदिरात राहणारा, लष्करातून परतलेला, घरदार नसलेला हा माणूस वडिलांना संतांच्या परंपरेतला वाटे. पण एका सहलीहून परतल्यावर ते गप्प होते. दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून मारल्याची हकिकत त्यांनी गावातल्याच माणसाकडून ऐकली होती. ती गोष्ट गुपित नव्हती. अण्णांनी स्वतः ती सांगितलेली आहे आणि लष्करी पट्ट्याने मारल्याचेही सांगितले आहे. वडील एवढेच म्हणाले, “ज्याला मारलं, त्याची बायको खूश असेल. पण उद्या चुकून दुसऱ्याला बांधलं तर विचारायचं कोणाला?”

२०११ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत शरद पवार यांना एका माणसाने थप्पड मारली आणि “एकच मारली का?” अशा अर्थाचे उद्गार अण्णांच्या तोंडून निघाले, तेव्हा मला वडिलांचा तो प्रश्न आठवला. पुढे त्यांनी खुलासा केला, पण तोंडून निघालेले ते शब्द राळेगणच्या खांबापासूनच आलेले होते. भ्रष्टाचार हे पाप आहे, पापी माणसे आपल्याला ओळखू येतात आणि त्यांना शासन करणारा एक निष्कलंक, कठोर राखणदार हवा, ही त्या आंदोलनाची मनोरचना होती. आंदोलनाने पुढे केलेल्या जनलोकपालाच्या मसुद्यात तपासाचे, खटला भरण्याचे आणि अधिकाऱ्यांवर कारवाईचे अधिकार एकाच संस्थेच्या हाती एकवटले होते, ते याच विश्वासापोटी. आपल्याकडे ‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण लहान मुलालाही माहीत आहे. तळ्यावर आणखी मोठा राखणदार नेमण्याची मागणी करताना ती आम्हा हजारो लोकांना कशी आठवली नाही?

आणि हे सारे आणखी जिव्हारी लागते ते अशासाठी की, याच अण्णांनी याहून वेगळी आणि फार मोलाची वाट महाराष्ट्रात आधीच चालून दाखवली होती. ऑगस्ट २००३ मध्ये ते मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणाला बसले, तेव्हा राज्याच्या माहिती अधिकार कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळण्याचे घोडे अडले होते. त्या उपोषणानंतर ती मिळाली. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने नव्वदच्या दशकात जनसुनावण्या घेऊन ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा दिली होती. तिच्याशी नाते सांगणारे हे काम होते. केंद्राचा कायदा ऑक्टोबर २००५ मध्ये पूर्णपणे लागू झाला. २००६ मध्ये सरकारने फाइलवरील टिपणे या कायद्यातून वगळण्याचा घाट घातला, तेव्हा अण्णा आळंदीला उपोषणाला बसले आणि तो प्रस्ताव मागे पडला. २००३ च्याच उपोषणातून राज्यातील चार मंत्र्यांच्या चौकशीसाठी न्या. पी. बी. सावंत आयोग नेमला गेला. आयोगाने काही मंत्र्यांवर ठपका ठेवला आणि २००५ मध्ये दोघांना पायउतार व्हावे लागले. त्याच अहवालात अण्णांच्या वाढदिवसाच्या सोहळ्यावर त्यांच्या न्यासाचे सव्वादोन लाखांच्या आसपास रुपये खर्च झाले तेही गैर ठरवले गेले. २०११ मध्ये सत्ताधाऱ्यांनी तो उल्लेख अण्णांच्या बदनामीसाठी वापरला. मला मात्र त्यात आयोगाची खरी थोरवी दिसते. ज्याच्या उपोषणामुळे आयोग नेमला गेला, त्याच्याही वह्या आयोगाने तपासल्या. हिशेब मागायचा तर तो सर्वांकडे मागायचा, ही रीत तेथे पाळली गेली होती.

माहिती अधिकाराने सामान्य माणसाच्या हाती काय दिले, ते मी घरातच पाहिले. गावापासून फाट्यापर्यंतच्या रस्त्याचे खडीकरण झाले आणि पहिल्याच पावसाळ्यात रस्ता उखडला. निवृत्त झालेल्या वडिलांनी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला आणि कामाच्या मोजमाप पुस्तिकेची, ज्याला सगळे ‘एमबी’ म्हणतात, तिची प्रत मागितली. तीस दिवस गेले, उत्तर आले नाही. त्यांनी पहिले अपील केले. एका संध्याकाळी मोटरसायकलवरून दोघे जण आले, ओट्यावर बसले, चहा प्यायले आणि जाताना म्हणाले, “गुरुजी, पेन्शन सुखानं खा.” आई महिनाभर नीट झोपली नाही. तळेगाव दाभाडे येथे जमीन व्यवहारांची माहिती बाहेर काढणारे सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये भर सकाळी खून झाला, ही बातमी वाचताना मला आईचा तो महिना आठवला होता.

शेवटी झेरॉक्सची अकरा पाने मिळाली. पुस्तिकेत खडीचे दोन थर, दाबल्यावर प्रत्येकी पंचाहत्तर मिलिमीटर, अशी नोंद होती. वडिलांनी शेजारच्या पोराला पहार घेऊन बरोबर नेले, रस्त्याच्या कडेला तीन ठिकाणी खणले आणि शाळेतली लाकडी फूटपट्टी खड्ड्यात उभी धरून मोजले. कोठेही नऊ सेंटीमीटरच्या वर खडी नव्हती. ते आकडे त्यांनी वहीत मांडले आणि ग्रामसभेत पुस्तिकेची पाने व वही शेजारी शेजारी ठेवून वाचून दाखवली. कोणावर आरोप केला नाही, कोणाचे नाव घेतले नाही. दिवाळीनंतर रोलर पुन्हा गावात आला. त्या घटनेने गाव शुद्ध झाले नाही आणि ठेकेदारही सज्जन झाला नाही. पण त्यानंतर आमच्याकडे काम सुरू झाले की एखादा म्हातारा तरी काठी टेकत जाऊन थराची जाडी विचारतो.

मोर्चाच्या दिवशी संध्याकाळी मी वडिलांना फोन केला होता. त्यांना आनंद होईल असे मला वाटले होते. ते म्हणाले, “गेलास ते बरं केलंस. लोक बाहेर पडले पाहिजेत.” मग थोडे थांबून म्हणाले, “पण काय मागताय ते मला नीट कळलं नाही. नवा साहेबच मागताय ना?” मी त्यांच्याशी वाद घातला. त्या दिवशी सकाळी कोणत्या व्हाउचरवर सही केली, हे मी त्यांना सांगितले नाही आणि पुढेही कधी सांगू शकलो नाही.

ते व्हाउचरच माझ्या दुसऱ्या तक्रारीचे मूळ आहे. लाच घेणारा जितका दिसतो तितका देणारा दिसत नाही, आणि देणारा कंपनी असेल तर तो जवळजवळ अदृश्य असतो. त्याच्या लाचेला ‘सल्ला शुल्क’, ‘संपर्क खर्च’, ‘व्यवसायवृद्धी’ अशी सभ्य नावे मिळतात, तिच्यावर बिल असते, करकपात होते, लेखापरीक्षकाची खूण उमटते. टू-जीच्या प्रकरणात परवाने मिळवणाऱ्या कंपन्या होत्या, राडिया यांच्या संभाषणांच्या दुसऱ्या टोकाला उद्योग होते, आणि तरीही दिल्लीत अण्णा ज्या रामलीला मैदानावर उपोषणाला बसले तेथल्या घोषणा जवळजवळ सगळ्या नेत्यांविरुद्ध होत्या. मसुद्यात लाभार्थी कंपनीकडून दंड वसूल करण्याची तरतूद होती, हे मी नाकारत नाही. पण व्यासपीठावरून ती कोणी समजावून सांगितल्याचे मला आठवत नाही. आमच्या व्यवस्थापनाने बस दिली, ती त्याला या आंदोलनात स्वतःसाठी कोणताच धोका दिसला नाही म्हणून दिली, असे मला आता वाटते. कामगारांनी किमान वेतनासाठी मोर्चा काढला असता तर ती बस मिळाली नसती.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येते. २८ ऑगस्ट २०११ रोजी अण्णांनी उपोषण सोडले. डिसेंबरमध्ये मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर पुन्हा बसले, तेव्हा गर्दी विरळ होती आणि प्रकृतीमुळे दुसऱ्याच दिवशी उपोषण आवरते घ्यावे लागले. सहकाऱ्यांत फूट पडली आणि २६ नोव्हेंबर २०१२ रोजी आम आदमी पक्ष स्थापन झाला. लोकपाल व लोकायुक्त कायदा डिसेंबर २०१३ मध्ये संसदेने मंजूर केला, जानेवारी २०१४ मध्ये तो लागू झाला, आणि पहिले लोकपाल म्हणून न्या. पिनाकी चंद्र घोष यांची नेमणूक व्हायला मार्च २०१९ उजाडला. त्याआधी काही आठवडे ऐंशी पार केलेले अण्णा त्याच मागणीसाठी राळेगणला पुन्हा उपाशी बसले होते. तेव्हा देशात कोठे बस निघाली नाही. ज्या कायद्यासाठी एवढे रान उठले त्यातच लिहिलेले आहे की, पंतप्रधानांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी बंद दाराआड व्हावी आणि तक्रार फेटाळली गेली तर तिची कागदपत्रे प्रसिद्ध करू नयेत. राखणदार मिळाला, पण तो काय पाहतो आणि काय नजरेआड करतो हे लोकांनी पाहण्याची सोय राहिली नाही.

आंदोलनातून निघालेल्या पक्षाविषयी मी फार लिहिणार नाही. त्याच्या राज्यकारभाराचा निवाडा दिल्लीच्या मतदारांनी दोन्ही बाजूंनी दिला आहे. पण दोन गोष्टी माझ्या विषयाच्या आहेत. पक्षाने स्वतःचा अंतर्गत लोकपाल नेमला होता, माजी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल रामदास. २०१५ च्या मार्चमध्ये पक्षातील भांडण पेटले तेव्हा त्यांना बाजूला करण्यात आले. आणि २०१६ मध्ये पक्षाने देणगीदारांची यादी संकेतस्थळावरून काढून टाकली, ज्याबद्दल अण्णांनी पत्र लिहून दुःख व्यक्त केले. माझ्या लेखी पहिल्यापेक्षा दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. प्रत्येक देणगीचा हिशेब उघडा ठेवणे हे त्या पक्षाचे खरोखरीचे वेगळेपण होते, आणि ते त्यांनी आपल्या हाताने पुसले.

देणग्यांच्या या प्रश्नावरच या देशातील कंपन्यांचा आणि राजकारणाचा व्यवहार उभा आहे. २०१७ च्या वित्त कायद्याने कंपन्यांच्या राजकीय देणगीवरची, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली. कोणत्या पक्षाला किती दिले ते नफा-तोटा पत्रकात सांगण्याचे बंधनही गेले. २०१८ मध्ये निवडणूक रोखे, म्हणजे देणाऱ्याचे नाव उघड न करता पक्षाला देणगी देण्याचे रोखे, आले. लेखा विभागात काम केलेल्या माणसाला या बदलाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पूर्वी जे ‘लायझनिंग’ या शीर्षकाखाली चोरून लिहावे लागे, त्याहून कितीतरी मोठी रक्कम आता कायद्याच्या छत्राखाली, नाव न सांगता देता येत होती. याविरुद्ध कोठले मैदान भरले? असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, कॉमन कॉज यांसारख्या संस्था न्यायालयात वर्षानुवर्षे तारखा घेत राहिल्या. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रोखे आणि कंपन्यांची अमर्याद देणगी दोन्ही घटनाबाह्य ठरवली, आणि मार्चमध्ये कोणी कोणाला किती दिले याच्या याद्या लोकांसमोर आल्या. मी त्या रात्री उशिरापर्यंत त्या याद्या वाचत बसलो होतो. भ्रष्टाचारविरोधाचे एवढे ठोस काम मी माझ्या आयुष्यात पाहिलेले नाही.

याचा अर्थ आंदोलने सोडून सर्वांनी न्यायालयात जावे असा मी काढत नाही. माहिती अधिकार उपोषणाशिवाय मिळाला नसता. मला आंदोलनाकडून हवे आहे ते इतकेच की, त्याने आणखी एक राखणदार मागण्याऐवजी मोजण्याचे साधन मागावे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने राळेगणचीच पंचसूत्री घेतली आणि तिला एक जोड दिली. तेथे पावसाची मोजणी होते, निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी नोंदवली जाते आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. यंदा पिण्याला किती, जनावरांना किती, रब्बीला किती, हे त्या आकड्यांवरून ठरते; ऊस आणि केळीसारखी पिके नकोत, शेतीसाठी विंधनविहीर नको, हे नियमही त्यातून आले. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाचा त्यात मोठा वाटा आहे, हे सर्वमान्य आहे. पण पाण्याचा आकडा फळ्यावर लिहिलेला असेल तर सरपंचालाही तो ऐकावा लागतो, आणि एखाद्या वर्षी नेतृत्व दुबळे निघाले तरी पातळी खोटे बोलत नाही. तळ्यात मोजपट्टी रोवलेली असली की राखणदाराने किती पाणी चाखले ते काठावरच्या कोणालाही दिसते.

ही मोजपट्टी मात्र आता हळूहळू उपटली जात आहे. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील कलम ८ (१) (ञ) बदलले. पूर्वी वैयक्तिक माहितीसुद्धा सार्वजनिक कामाशी संबंधित असेल किंवा व्यापक जनहित असेल तर द्यावी लागे, ती शर्त त्या कलमातून काढून टाकण्यात आली. जनहिताचे दुसरे कलम शिल्लक आहे, असे सरकार सांगते. पण ज्याने एकदा तरी माहिती अधिकारी समोर बसलेला पाहिला आहे, त्याला ठाऊक आहे की नकार देण्यासाठी एक सरळ शब्द मिळाला की तो दुसऱ्या कलमापर्यंत जात नाही. मोजमाप पुस्तिकेवर सही करणाऱ्या अभियंत्याचे नाव ही वैयक्तिक माहिती ठरवली गेली तर माझ्या वडिलांच्या अकरा पानांचे काय झाले असते? काही संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवला आहे. रामलीला मैदान भरलेले नाही. ज्या वाहिन्यांनी २०११ मध्ये दिवसरात्र कॅमेरे लावले होते, त्यांना हे कलम समजावून सांगायला अर्धा तासही सापडला नाही, याचे मला अतिशय वाईट वाटते.

वडील जाऊन आता सहा वर्षे झाली. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत ती अकरा पाने, अपिलाची पोच आणि वही एका जुन्या नायलॉनच्या पिशवीत नीट बांधून ठेवलेली आहेत. गेल्या हिवाळ्यात फाट्याचा रस्ता पुन्हा झाला, या वेळी डांबरी. मी गावी गेलो होतो तेव्हा शेजारचा तोच मुलगा, जो आता ग्रामपंचायत सदस्य आहे, घरी आला आणि एमबी मागण्याचा अर्ज कसा लिहायचा ते विचारू लागला. मी वडिलांच्या अर्जाची प्रत त्याला दिली. त्याने अर्जदार म्हणून स्वतःचे नाव लिहिले आणि मग, मी काही म्हणायच्या आत, कागद माझ्याकडे सरकवून विचारले, “काका, तुम्ही पण सही करता का खाली? एकट्याचं नाव नको.” मी सही केली.